सतरंजी आधी, सुई नंतर

"हलत नाही का हो तो?" कुत्र्याला सुया लावते म्हटलं की पहिला प्रश्न हा येतो. दुसरा, "दुखत नाही?" आणि तिसरा, बहुतेक वेळा दाराशी चपला घालताना, आवाज जरा उतरवून, "पण डॉक्टर, खरंच फरक पडतो का?"

पहिल्या दोन प्रश्नांना मी पटकन उत्तर देते. हलतो की. मनात आलं तर पाठीवरच्या सुयांसकट उठून पाण्याच्या भांड्यापर्यंत जाऊन येतो. सुई पाव मिलिमीटर जाडीची, कधी त्याहूनही बारीक. लस देतो ती सुई हिच्या दुपटीहून जाड असते. शिवाय ही भरीव, तिच्यातून औषधबिषध काही जात नाही. पाठीवर, मांडीवर टोचलेलं बऱ्याच कुत्र्यांना कळतही नाही. पंजाजवळच्या जागा मात्र झोंबतात. तिथे पाय ओढून घेतात, आणि शहाणी कुत्री पुढच्या खेपेला तो पाय आधीच पोटाखाली दडवून बसतात.

तिसऱ्या प्रश्नाचं उत्तर चपला घालता घालता देता येत नाही. त्यासाठी आधी हे ठरवावं लागतं की फरक पडला हे सांगायचं कोणी. ज्याचं दुखतंय त्याला वाचा नाही. ज्यांना वाचा आहे, म्हणजे मालक आणि मी, त्या दोघांनाही फरक पडायलाच हवा असतो.

माझं लहानपण सांगली जिल्ह्यातल्या एका गावात गेलं. बैल पायाने अधू झाला की त्याला डाग द्यायची तिथे पद्धत होती. चार माणसं बैलाला पाडून धरत आणि डाग देणारा तापलेल्या लोखंडाने खुब्यावर किंवा खांद्यावर चरे ओढत असे. तो वास मला अजून आठवतो. मग पंधरावीस दिवसांनी बैल बऱ्यापैकी चालायला लागला की सगळे म्हणत, "बघा, डाग लागू पडला." पुढे पशुवैद्यक झाल्यावर त्या सगळ्याचा हिशेब मांडून पाहिला. भाजल्याच्या वेदनेपुढे जुनी वेदना काही काळ झाकली जाते, हे एक. पण त्याहून मोठी गोष्ट अशी, की डाग दिलेल्या बैलाला कोणी औताला जुंपत नसे. ऐन हंगामातसुद्धा तो गोठ्यात बसून वैरण खात असे. बैल बरा होत होता तो विश्रांतीने, आणि श्रेय जात होतं तापल्या लोखंडाला.

मी सुया लावते तेव्हा हा बैल माझ्या डोक्यात असतो. कारण माझ्याकडे येणाऱ्या म्हाताऱ्या लॅब्रेडॉरलाही मी नुसत्या सुया लावत नाही. वजन उतरवायला सांगते, घरातल्या फरशीचं काहीतरी करायला सांगते, गोळ्या देते. हे सगळं एकाच दिवशी सुरू केलं आणि महिन्याने कुत्रा सुधारला, तर कशाने सुधारला हे कोण सांगणार? म्हणून आणीबाणी नसेल तर मी क्रम लावते. आधी तपासण्या, मग सतरंजी, वजन आणि औषध, आणि त्यातून जे उरेल त्यासाठी सुई. काही मालकांना हे रुचत नाही. ते सुई ऐकून आलेले असतात, त्यांना सुईच हवी असते.

फरशीबद्दल मी जरा जास्तच बोलते, असं क्लिनिकमधली मुलं म्हणतात. पण पुण्यातल्या कुठल्याही नव्या फ्लॅटमध्ये जाऊन बघा. आरशासारख्या गुळगुळीत व्हिट्रिफाइड टाइल्स, त्यावर रोज फिनेल टाकून पोछा. खुब्याच्या सांध्यात झीज झालेल्या कुत्र्याला त्या फरशीवरून उठायचं म्हणजे मागचे दोन्ही पाय फाकणार, तो पुन्हा बसणार, पुन्हा उठायचा प्रयत्न करणार. दिवसातून वीसपंचवीस वेळा हा प्रकार. असं घसरताना दुखऱ्या सांध्याला जो हिसका बसतो, त्याला माझी आठवड्यातून एकदाची सुई पुरी पडणार नाही. त्याच्या बसण्याच्या जागेपासून पाण्याच्या भांड्यापर्यंत आणि तिथून दारापर्यंत जुन्या सतरंज्या किंवा योगा मॅट अंथरल्या की निम्मी घरं मला फोन करून सांगतात, तो आपला आपण उठला म्हणून. या सल्ल्याचे पैसे घेता येत नाहीत, म्हणूनच बहुधा तो फारसा दिला जात नाही.

कुत्र्याचं जुनाट दुखणं ओळखणं हेच मुळात अवघड. लोकांची समजूत अशी की दुखलं तर तो केकाटेल. केकाटतो तो शेपटीवर पाय पडला तर. महिनोन् महिने दुखणाऱ्या सांध्यासाठी कुत्रं केकाटत नाही, ते आपलं जगणं आखडतं घेतं. सोफ्यावर चढायचं सोडतं. गाडीत उडी मारायच्या आधी थबकतं. एकाच कुशीवर बसायला लागतं. रात्री जागा बदलत फिरतं, विनाकारण धापा टाकतं. मागच्या पायाची नखं पुढच्या बाजूने घासलेली दिसतात, कारण पाऊल पुरतं उचललं जात नाही. लहान मुलाने पाठीवर हात ठेवला तर गुरगुरतं, आणि घरचे म्हणतात, "म्हातारपणी चिडका झालाय." वय झालं, या दोन शब्दांखाली किती दुखणी गाडली जातात याची गणती नाही. वय हा आजार नाही.

दुखणं जुनं झालं की मज्जासंस्थाही बदलते. सोसायटीत एखाद्या गाडीचा अलार्म बिघडतो आणि मांजर बॉनेटवर चढलं तरी ठणाणा करतो, तसं होतं. साध्या स्पर्शाचा निरोपसुद्धा मेंदूपर्यंत दुखणं म्हणून पोचायला लागतो. त्यामुळे एक्स-रेमध्ये सांधा जेवढा वाईट दिसतो तेवढंच दुखत असेल असं नसतं. भयंकर एक्स-रे असलेली कुत्री फिरायला मजेत जाताना मी पाहिली आहेत आणि जेमतेम झीज असलेली हात लावू देत नाहीत.

तर ब्रूनो. कोथरूडच्या एका जुन्या सोसायटीत दुसऱ्या मजल्यावर राहणारा लॅब्रेडॉर, लिफ्ट नाही. वय अकरा, वजन ४१ किलो. दोन्ही खुब्यांत लहानपणापासूनचा दोष, त्यावर संधिवात. काका बँकेतून निवृत्त, काकू शाळेत शिकवत असत. सांधेदुखीवर आमचं पहिलं औषध म्हणजे मेलॉक्सिकॅम किंवा कार्प्रोफेनसारखी दाह कमी करणारी गोळी, पण ब्रूनोच्या रक्तात क्रिएटिनीन वाढलेलं होतं. त्या मूत्रपिंडांवर तसली गोळी महिनोन् महिने लादणं मला धोक्याचं वाटलं. रात्रीसाठी गॅबापेंटिन दिलं. आणि वजन. काकूंनी छातीवर हात ठेवून सांगितलं, "डॉक्टर, तो काही खातच नाही हो." दोन दिवस लिहून काढायला लावलं तेव्हा सकाळच्या चहाबरोबर बिस्किटं, दुपारी तुपाची पोळी, काकांच्या ताटातला दहीभात आणि रात्री शेजारच्या आजींकडून आणखी एक पोळी, असं सगळं बाहेर आलं. सोसायटीत एक बैठकच घ्यावी लागली. तीन-चार महिन्यांत तो ३६ किलोवर आला. सतरंज्या अंथरल्या. तरी जिना आणि रात्र या दोन गोष्टी राहिल्याच. मग सुई.

सुया लावण्याआधी मी मालकाला तीन गोष्टी निवडायला सांगते. त्या त्या जनावराच्या, रोज दिसणाऱ्या, हो किंवा नाही असं उत्तर असलेल्या. "आनंदी दिसतो" चालत नाही. ब्रूनोच्या तीन ठरल्या: पहिल्या मजल्यापर्यंत न थांबता चढतो का, रात्री न उठता झोपतो का, आणि पाय वर करून लघवी करतो का. कुठे लिहायचं म्हटल्यावर काकूंनी दुधाचा हिशेब असतो त्या कालनिर्णयाच्या चौकोनातच लिहायचं ठरवलं. दोन लिटर, दही, आणि खाली जि, झो, ल या अक्षरांपुढे बरोबर किंवा फुली.

पहिल्या सिटिंगला काका मोढ्यावर बसले आणि मी सतरंजीवर. सुयांच्या आधी नुसता हात फिरवते. यातच निम्मं काम होतं. कुत्रा उभा असताना शरीराचा साधारण साठ टक्के भार पुढच्या पायांवर असतो. मागचं दुखायला लागलं की तो आणखी पुढे सरकतो, आणि मग खांदे, मान, बरगड्यांमागची पाठ भरून येते. ब्रूनोच्या कमरेच्या दोन्ही बाजूंना स्नायूंचे पट्टे ताठ झाले होते. बोट दाबलं की कातडी थरथरायची. माझ्या मते सुईचा खरा फायदा इथे होतो. झिजलेला सांधा सुईने भरून येत नाही, येणारही नाही. पण त्या सांध्याला सांभाळता सांभाळता आखडलेले जे स्नायू असतात ते सुटतात, आणि बऱ्याचदा कुत्र्याला जास्त छळत असतात ते तेच.

कमरेचं हाड संपून माकडहाडाकडची बाजू सुरू होते तिथे एक खळगा असतो. अंगठा आणि मधलं बोट खुब्याच्या हाडांच्या दोन टोकांवर ठेवलं की तर्जनी आपोआप त्या खळग्यात पडते. चिनी परंपरेत या जागेला बाय हुई म्हणतात, आणि मागच्या पायांच्या दुखण्यात मी सुरुवात तिथूनच करते. केस बाजूला सारून नळीसकट सुई ठेवायची, वरून बोटाने एक टिचकी. ब्रूनोने मान वळवून पाहिलं. मग कमरेच्या दुसऱ्या मणक्याच्या दोन्ही बाजूंना, खुब्याच्या सांध्याभोवती, गुडघ्याखाली नडगीच्या बाहेरच्या अंगाला. काही सुया आपण होऊन डोलायला लागतात, खालचा स्नायू फडफडतो म्हणून. थोड्या वेळाने त्याने जीभ ओठांवरून फिरवली, जांभई दिली आणि हनुवटी काकांच्या पावलावर टेकवली. वीसेक मिनिटं. काढताना मी सुया मोठ्याने मोजते. लॅब्रेडॉरच्या दाट केसांत एखादी राहून गेली आणि त्याने ती चाटता चाटता गिळली, तर पुढचा प्रवास सर्जनकडे.

"मला पण लावा की दोन, गुडघ्याला," काका म्हणाले.

"काका, माझं रजिस्ट्रेशन चार पायांवाल्यांपुरतंच आहे."

काका दुसऱ्याच दिवशी फोनवर म्हणाले, "कमाल आहे, एकदम तरुण झालाय." काकूंच्या कालनिर्णयात मात्र तिन्ही अक्षरांपुढे फुल्याच. मी काकूंवर विश्वास ठेवला. २०१२ साली अमेरिकेत एक अभ्यास प्रसिद्ध झाला. लंगडणाऱ्या कुत्र्यांना औषध म्हणून नुसतंच खोटं औषध दिलं होतं आणि पाय जमिनीवर किती जोराने पडतो हे यंत्राने मोजलं होतं. यंत्र म्हणत होतं काही बदल नाही, तरी मालकांनी निम्म्याहून अधिक वेळा सुधारणा झाल्याचं सांगितलं. एवढ्यावर हसण्यात अर्थ नाही, कारण त्याच अभ्यासातले पशुवैद्यही फार मागे नव्हते. प्लासिबो कुत्र्याला लागू होतो की नाही हा वाद बाजूला ठेवू. तो मालकाला लागू होतो, आणि डॉक्टरलाही होतो.

महिना उलटल्यावर झो पुढे बरोबरची खूण दिसायला लागली. आधी तुरळक, मग सलग. जिन्याचं थोडं सुधारलं: पहिल्या मजल्यापर्यंत कधी न थांबता, कधी एकदा थांबून. पाय वर करून लघवी त्याने शेवटपर्यंत केली नाही. मध्ये काका-काकू मुलीकडे बंगळुरूला गेले, ब्रूनो बोर्डिंगमध्ये, सुया बंद. परत आल्यावर झो पुढे पुन्हा फुल्या. सुरू केल्यावर पुन्हा सुधारणा. हा पुरावा झाला का? नाही. बोर्डिंगमध्ये सतरंज्या नव्हत्या, माणसं नव्हती, गॅबापेंटिन वेळेवर दिलं असेल याची खात्री नाही. पण एका कुत्र्यापुरतं पुढे चालू ठेवावं, एवढं ठरवायला ते मला पुरेसं होतं. ब्रूनो पुढे वर्षभराहून जास्त जगला. गेला तो मूत्रपिंडाने. पायाने नाही.

हे चिनी शास्त्र म्हणून लोक विचारतात आणि मग कुणीतरी हमखास कोटणीसांचं नाव काढतं. सोलापूरचे डॉ. द्वारकानाथ कोटणीस १९३८ साली चीनला गेलेल्या पाच भारतीय डॉक्टरांच्या पथकात होते आणि १९४२ मध्ये तिकडेच वारले. ते शल्यचिकित्सक होते. ॲक्युपंक्चर भारतात आणलं ते त्याच पथकातल्या डॉ. बिजॉय कुमार बसूंनी. ते पुन्हा चीनला जाऊन शिकून आले आणि १९५९ च्या सुमाराला कोलकात्यात त्यांनी ते सुरू केलं. तो इतिहास माणसांचा. जनावरांपुरतं बोलायचं तर जुने चिनी ग्रंथ मुख्यतः घोड्यांचे आणि गुराढोरांचे आहेत, कारण सैन्य घोड्यांवर चाले आणि शेती बैलांवर. कुत्र्याच्या अंगावरच्या नाड्यांचे जे नकाशे आज आम्ही वापरतो ते बरेचसे माणसाच्या नकाशावरून विसाव्या शतकात बेतलेले आहेत. माणसाला छातीचे १२ आणि कमरेचे ५ मणके, कुत्र्याला १३ आणि ७, तेव्हा ते बेतणं किती तंतोतंत असणार ते समजून घ्या. घोड्याच्या नकाशात पित्ताशयाची नाडीही आहे. घोड्याला पित्ताशयच नसतं.

मी ती जुनी नावं वापरते, कारण जागा लक्षात राहायला ती सोयीची आहेत. ची नावाची ऊर्जा वाहते वगैरे मी मालकांना सांगत नाही, कारण मला स्वतःला ते पटलेलं नाही. पण सुई टोचल्यावर शरीरात काहीच होत नाही असंही नाही. टोरांटोच्या ब्रूस पोमेरान्झ यांनी १९७० च्या दशकात दाखवलं की नॅलॉक्सोन दिलं की सुईने आलेलं वेदनाशमन नाहीसं होतं. नॅलॉक्सोन अफूच्या जातीच्या औषधांचा परिणाम रोखतं, म्हणजे शरीर स्वतःची तसलीच द्रव्यं सोडत असणार. बीजिंगच्या हान जिशेंग यांनी सुयांना विजेचा हलका प्रवाह देऊन पाहिलं: सेकंदाला २ स्पंदनं दिली तर एक प्रकारची द्रव्यं, १०० दिली तर वेगळी. २०१० मध्ये अमेरिकेत उंदरांच्या गुडघ्याखालच्या त्याच नडगीजवळच्या जागेत सुई फिरवल्यावर ॲडिनोसिन नावाचं द्रव्य स्थानिक पातळीवर वाढतं आणि त्याने वेदना कमी होते असं दिसलं. यंत्रणा आहे. प्रश्न एवढाच, की घरी सतरंजीवर झोपलेल्या ब्रूनोला तिचा किती उपयोग.

तिथे पुरावा पातळ आहे. २००६ साली जनावरांवरच्या तोवरच्या अभ्यासांचा एकत्रित आढावा निघाला. त्याचा निष्कर्ष असा की शिफारस करावी इतका भक्कम पुरावा नाही, आणि मोडीत काढावं इतकाही नाही. त्याच वर्षी कोपराच्या संधिवातावर विजेच्या सुयांचा एक प्रयोग आला, त्यात यंत्राला फरक दिसला नाही. कुत्री मात्र जेमतेम नऊ होती. नॉर्वेत खुब्याच्या दोषावर सोन्याचे बारीक तुकडे त्या जागांत बसवून ७८ कुत्र्यांवर अभ्यास झाला, त्यात फरक दिसला. ब्राझीलमध्ये मणक्याची गादी सरकून मागचे पाय गेलेल्या कुत्र्यांत सुयांचे निकाल चांगले आले, पण त्यातल्या तुलनेचा काही भाग जुन्या नोंदी चाळून घेतलेला होता. सगळे अभ्यास लहान. म्हणून मी मालकाला सांगते: चार ते सहा सिटिंग करू, कालनिर्णयात काही बदललं नाही तर थांबू. थांबायची अट आधीच सांगितलेली बरी. नाहीतर पुढच्या वेळी नक्की, पुढच्या वेळी नक्की, असं वर्षभर चालतं.

चिंगीच्या बाबतीत तर मी सुरूच करू शकले नाही. चौदा वर्षांची मांजर, मालकीण आयटीतली मुलगी. तक्रार दुखण्याची नव्हतीच. "मॅडम, ही दिवाणावर घाण करायला लागलीय, आजी म्हणते सोडून ये कुठेतरी." मी पाठीवर हात फिरवला तर केसांच्या गुठळ्या, म्हणजे तिला मान वळवून स्वतःला चाटता येत नव्हतं. नखं वाढून गादीत वळलेली, खिडकीत बसणं बंद. बारा वर्षांपुढच्या शंभर मांजरांचे एक्स-रे काढलेल्या एका अमेरिकन अभ्यासात नव्वदांच्या सांध्यांत झीज सापडली होती, पण लंगडणारी मांजर आमच्याकडे क्वचित येते. येतात त्या चिडक्या, अस्वच्छ, आळशी झालेल्या. चिंगीच्या मातीच्या ट्रेची कड उंच होती, तिला पाय उचलून आत जाता येत नव्हतं. डोक्यावरच्या एका जागेत पहिली सुई लावली की बरीच मांजरं निवांत होतात. चिंगीने ती झटकली, माझ्या मनगटावर तिची सही केली आणि कपाटामागे गेली. दुसऱ्यांदा प्रयत्न केला नाही. ट्रेची पुढची कड कापली, खिडकीखाली पाट आणि स्टूल ठेवून पायऱ्या केल्या, मांजरांसाठीचं औषध मोजून दिलं. ती दिवाणावर जायची थांबली. आजींनी नंतर स्वतःच तिच्यासाठी जुन्या लुगड्याची गोधडी शिवली.

आता जरा कडू बोलायचं आहे. सुई निरुपद्रवी आहे, म्हणून लावून बघायला काय हरकत, हा युक्तिवाद मला मान्य नाही. सुई निरुपद्रवी असते, वाया गेलेला वेळ नसतो. एक रॉटवायलर माझ्याकडे आला तो पुढच्या पायाने तीन महिने लंगडत होता. तोवर कुठेतरी त्याला सुया आणि तेल चालू होतं, एक्स-रे कुणी काढला नव्हता. मनगटाच्या वर हाड सुजलेलं होतं. चित्रात हाडाचा कर्करोग स्पष्ट दिसला. डॅशहुंड आणि पग जातीच्या कुत्र्यांची मणक्यातली गादी सरकते आणि एका रात्रीत मागचे पाय लुळे पडतात. बोटाच्या हाडावर चिमट्याने दाबूनही त्याला कळत नसेल तर ऑपरेशनसाठी हातात काही तासच असतात, फार तर एक-दोन दिवस. त्या वेळी सुईवाल्याचा नंबर शोधायचा नसतो. आणि आपल्याकडची खास गोष्ट म्हणजे गोचीड. गोचीडतापात सांधे दुखतात, कुत्रा आज या पायाने तर उद्या त्या पायाने लंगडतो, आणि रक्तातल्या प्लेटलेट खाली येतात. अशा कुत्र्याला संधिवात समजून सुया लावल्या तर आजार राहतो बाजूला आणि रक्तस्राव मात्र होऊ शकतो. म्हणून पावसाळ्यात आणि नंतर आलेल्या प्रत्येक लंगड्या कुत्र्याचं रक्त मी आधी तपासते. मालक कुरकुरतात. कुरकुरू देत.

माझ्या पेशातले काही जण मला अर्धवट वैदू म्हणतात आणि सुईचे भक्त मला अश्रद्ध म्हणतात. दोघांनाही मी एवढंच सांगते, की माझ्या कपाटात सुयांचा डबा आहे आणि त्याच कपाटात मेलॉक्सिकॅमही आहे. ज्याची मूत्रपिंडं, यकृत, पोट ठीक आहे त्याला आधी गोळी, कारण तिचा पुरावा सुईपेक्षा कितीतरी भक्कम आहे. गोळी चालत नसेल, पुरत नसेल, किंवा तिचा डोस कमी करायचा असेल, तिथे सुई. आणि ज्या जनावराला ती सहन होत नाही तिथे नाही.

तुमच्या घरात आठ वर्षांपुढचं कुत्रं किंवा दहा वर्षांपुढचं मांजर असेल तर आजच त्याचा जिना चढतानाचा किंवा उठतानाचा छोटा व्हिडिओ घेऊन ठेवा, आणि दर दोन-तीन महिन्यांनी तिथेच पुन्हा घ्या. डॉक्टरकडे गेल्यावर तपासणीच्या टेबलावर घाबरलेलं जनावर कधीच खरं चालत नाही. तुमची स्वतःची गोळी त्याला देऊ नका. पॅरासिटामॉलची एक गोळी मांजराचा जीव घेऊ शकते, आयबुप्रोफेन कुत्र्याचं पोट आणि मूत्रपिंडं खराब करतं. डायक्लोफिनॅक तर गिधाडांमुळे जनावरांसाठी २००६ पासून बंद आहे, कुत्र्याच्या पोटातही त्याने व्रण होतात. सुया लावायच्याच असतील तर लावणाऱ्याला पशुवैद्यक परिषदेचा नोंदणी क्रमांक विचारा. १९८४ च्या कायद्याप्रमाणे जनावरांवर उपचार करायचा अधिकार नोंदणी झालेल्या पशुवैद्यालाच आहे, माणसांना सुया लावणाऱ्याला नाही. आणि जनावराच्या अंगाला हात लावण्याआधी जो दहा सिटिंगचं पॅकेज सांगेल, त्याच्याकडून उठून या.